पंधरा दिवसांनंतरही रडू थांबत नसेल तर

आपल्याकडे बाळंतिणीच्या शरीराची काळजी घ्यायला कोणी कमी पडत नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, तेलाची मालीश, शेक, कानाला बांधलेला रुमाल, सव्वा महिना थंड पाण्यात हात न घालणं. घरातली प्रत्येक बाई यातलं एकेक काम उचलते आणि मनापासून करते. दूध पुरतंय का, टाके दुखतात का, पोट साफ झालं का, हे दिवसातून तीनदा विचारलं जातं. ‘तुला आतून कसं वाटतंय?’ हा प्रश्न मात्र कोणाच्याच वाट्याला दिलेला नाही. त्यामुळे मनासाठीची मदत बाळंतिणीच्या खोलीपर्यंत आपणहून क्वचितच पोहोचते. ती मागावी लागते. कोणाकडे, कधी आणि कोणत्या शब्दांत मागायची, त्यासाठी हा लेख.

आधी नेहमीचं काय आणि दखल घ्यावी असं काय, ते पाहू. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, साधारण दूध उतरतं त्याच सुमाराला, निम्म्याहून जास्त बायकांना कारण नसताना रडू येतं, चिडचिड होते, घडीत हसू आणि घडीत आसू असं चालतं. हार्मोन्स अचानक खाली आलेले असतात, झोप मोडलेली असते. हे दोन आठवड्यांच्या आत ओसरतं. झोप, खाणं आणि मायेची माणसं एवढं त्याला पुरतं.

पंधरा दिवस उलटूनही ते ओसरलं नाही, किंवा पुढच्या काही महिन्यांत नव्यानं सुरू झालं, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्यात रडूच येईल असं नाही. बाळ शांत झोपलंय आणि आई टक्क जागी आहे. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे ती रात्रभर उठून बघते. बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही आणि काहीच वाटत नाही याची लाज वाटते. नवऱ्यावर, आईवर सारखी आग पाखडली जाते. ‘माझ्यापेक्षा कोणीही याला चांगलं सांभाळेल’ हा विचार डोक्यातून जात नाही. ही सगळी त्याचीच रूपं. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे पाच आयांमागे एक. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या बायकांचा डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यांच्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं, आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. पैशाची ओढाताण, नवरा-बायकोतला तणाव, मारहाण, आणि मुलाची वाट पाहत असताना झालेली मुलगी, ही कारणं त्या अभ्यासात ठळकपणे पुढे आली. ‘होईल हळूहळू बरं’ म्हणून थांबण्यात काय धोका आहे, ते या आकड्यांतून कळतं.

बाळ पोटात किंवा जन्मल्यावर गमावलेली आईसुद्धा बाळंतीणच असते. तिलाही दूध येतं, तिचेही हार्मोन्स तसेच कोसळतात. पुढचं सगळं तिच्यासाठीही आहे.

एका गोष्टीवर थोडं थांबते, कारण बायका ती सगळ्यात जास्त लपवतात. गॅलरीत उभं राहिलं की बाळ हातातून सुटेल असं चित्र डोळ्यांसमोर येतं. आंघोळ घालताना ते पाण्यात निसटेल असं वाटतं. कधी आपल्याच हातून त्याला काही होईल, असा विचार वीज चमकावी तसा येऊन जातो. असे नकोसे विचार नव्यानं आई झालेल्या पुष्कळ जणींना येतात, वडिलांनाही येतात. अशा विचारांनी आईला घाम फुटतो, ती गॅलरीत जाणंच सोडते, बाळाला एकटीनं घ्यायला घाबरते. विचार आला आणि तुम्ही हादरलात, याचा अर्थ तुम्हाला तसं करायचं नाही. हा चिंतेचा किंवा ओसीडीचा (मंत्रचळाचा) भाग असू शकतो आणि थेरपीनं तो चांगला आटोक्यात येतो. थेरपिस्टला हे सांगितलं म्हणून कोणी तुमचं बाळ काढून नेत नाही. या विषयात काम करणाऱ्यांनी असे विचार अनेकदा ऐकलेले असतात. तुम्ही ते सांगाल तर त्यांना पुढचा मार्ग दिसतो, गाळाल तर उपचार भलत्याच दिशेला जातो.

याहून निराळी आणि तातडीची अवस्था म्हणजे प्रसूतीनंतरचा सायकोसिस. हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला तो होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि फार झपाट्यानं वाढतो. दोन-दोन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, असंबद्ध बोलणं, कानात आवाज येणं, बाळ बदललंय किंवा त्याच्यात काही शक्ती आहे अशी पक्की खात्री, घरच्यांबद्दल संशय, घटकेत गोंधळ तर घटकेत अगदी नीट. खेड्यातच नव्हे, शहरातल्या शिकलेल्या घरांतही अशा वेळी ‘बाहेरचं लागलं’ म्हणून अंगारे-धुपारे सुरू होतात आणि मोलाचे दिवस वाया जातात. अशा बाईला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२. उपचार वेळेत मिळाले तर यातून बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. मरून जावंसं वाटत असेल, स्वतःला किंवा बाळाला संपवण्याचा बेत मनात घोळत असेल, तरीही हीच घाई करायची. त्या क्षणी जवळ असलेल्या माणसाला मोठ्यानं सांगा: ‘मला आत्ता एकटं सोडू नका.’

एवढी टोकाची वेळ नसेल तर सुरुवात कुठून करायची? सगळ्यात सोपं दार फोनचं. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. रात्री तीनला बाळाला पाजताना एकटं वाटत असेल, तर त्या वेळीही हा फोन करता येतो.

दुसरं दार म्हणजे तुमचे नेहमीचे डॉक्टर. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणी असते. बाळाच्या लशी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. सव्वा महिना बाहेर न पडणारी आईसुद्धा लशीसाठी दवाखान्यात जातेच. त्या दिवशी बोला. गावात असाल तर आशाताई नवजात बाळाच्या भेटीसाठी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी घरी येतात, त्यांनाही सांगता येतं. अडचण अशी की डॉक्टरांच्या खोलीत गर्दी असते, सोबत सासूबाई असतात, आणि ‘बाकी सगळं ठीक ना?’ या प्रश्नाला तोंडातून ‘हो’ निघून जातं. म्हणून वाक्य घरूनच ठरवून न्या. मोबाइलवर लिहून डॉक्टरांपुढे धरलं तरी चालेल. उदाहरणार्थ: ‘डॉक्टर, गेले तीन आठवडे मला जवळजवळ रोज उदास वाटतंय. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. जेवण जात नाही. मला मानसोपचारासाठी कोणाकडे तरी पाठवा, तशी चिठ्ठी द्या.’ किती दिवस, किती वेळा, रोजच्या जगण्यात काय अडतंय आणि मला काय हवंय, एवढं त्यात आलं की ‘आराम करा, होईल नीट’ असं म्हणून तुम्हाला परत पाठवणं डॉक्टरांना अवघड जातं. आणि तरीही पाठवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

डॉक्टर तुम्हाला दहा प्रश्नांचा एक कागद देतील, कदाचित. एडिंबरो प्रश्नावली म्हणतात तिला. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार झाली, आता जगभर वापरतात. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं, एवढंच त्यात विचारतात, आणि गुणांची बेरीज जास्तीत जास्त तीस होते. बेरजेवरून निदान ठरत नाही, पुढे नीट बोलायची गरज आहे का ते ठरतं. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर असेल, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. याच भेटीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घ्या. बाळंतपणानंतर काही महिन्यांत थायरॉइड बिघडू शकतं, आणि त्याचा थकवा, घालमेल, उदासी अगदी नैराश्यासारखीच दिसते.

कोणाकडे जायचं, यात लोकांचा फार गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेले डॉक्टर. औषधं ते देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, थेरपी करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं लावतात, म्हणून तिथे पदवी, अनुभव आणि ते कोणाच्या देखरेखीखाली काम करतात हे विचाराच. मला सगळ्यांत उपयोगी वाटतो तो प्रश्न असा: ‘नुकतीच बाळंत झालेल्या बायकांबरोबर तुम्ही काम केलंय का, आणि माझी तब्येत बिघडली तर तुम्ही मला कोणत्या डॉक्टरांकडे पाठवाल?’ ज्याच्याकडे दुसऱ्या भागाचं उत्तर नाही, त्याच्याकडे जाऊ नये.

पैशाची अडचण असेल तर सरकारी दार उघडं आहे, आणि तिथला उपचार हलका असतो हा समज सोडून द्यावा. मुंबईत केईएम, नायर, शीव, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे मानसोपचाराची ओपीडी चालते. केसपेपर काढायचा आणि त्या विभागात जायचं. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून या क्षेत्रात आहे आणि तिथे मराठीतून काम चालतं. भाषेचा मुद्दा लहान समजू नका. इंग्रजीत अस्खलित बोलणाऱ्या मुलीलाही ‘मला माझं बाळ नकोसं वाटतंय’ हे वाक्य आईच्या भाषेतच म्हणावंसं वाटेल. थेरपी मराठीत हवी, असं नाव नोंदवतानाच सांगा.

पहिल्या सत्रात काय होतं? साधारण पाऊण तास ते तासभर बोलणं. थेरपिस्ट बाळंतपण कसं झालं, झोप किती, पाजणं कसं चाललंय, पूर्वी कधी असं झालं होतं का, घरात कोणाला मानसिक आजार आहे का, घरात मारहाण होते का, मरणाचे विचार येतात का, हे विचारतील. हे प्रश्न ते सगळ्यांना विचारतात, तुमच्याबद्दल काही गृहीत धरलेलं नसतं. पूर्वी कधी अति उत्साहाचा, झोपेविना धावपळीचा काळ येऊन गेला असेल तर तो आवर्जून सांगा. बायपोलर आजार असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी मन त्या अति उत्साहाच्या टोकाला जाऊ शकतं.

पुढच्या सत्रांत काम कसं चालतं ते थेरपीच्या प्रकारावर आहे. सीबीटी या विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या पद्धतीत ‘मी चांगली आई नाही’ यासारखा विचार दोघं मिळून तपासतात: तो कधी येतो, त्यानंतर तुम्ही काय करता, त्याला आधार काय. त्याच्या जोडीला छोटी कामं ठरतात. रोज दहा मिनिटं उन्हात बसणं, एका मैत्रिणीला फोन, स्वतःचे केस विंचरणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नैराश्य माणसाला एकेका गोष्टीतून बाहेर काढत नेतं आणि परतीची वाटही अशाच लहान गोष्टींतून जाते. आयपीटी नावाच्या पद्धतीत नात्यांवर भर असतो: नोकरी करणारी मुलगी एका रात्रीत चोवीस तासांची आई झाली त्याचं काय, सासूशी वाद कशावरून, नवऱ्याकडून काय हवंय आणि ते कसं मागायचं. आपल्या घरांना ही पद्धत फार लागू पडते, असं मला वाटतं. प्रसूतीच बिकट झाली असेल, अचानक सिझेरियन, खूप रक्तस्राव, बाळ एनआयसीयूमध्ये, लेबर रूममध्ये झालेला अपमान, आणि ते प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असतील, तर आघातावर काम करणारी थेरपी वेगळी असते. तशी गरज आहे का ते विचारा. चार-सहा सत्रांनंतर थोडासाही फरक जाणवत नसेल तर थेरपिस्टला तसं सांगा. थेरपिस्ट बदलणंही चालतं.

डिग्रीवाल्या थेरपिस्टशिवायही नीट आखलेली मदत उपयोगी पडते, याचा दाखला गोव्यात आहे. त्याची सुरुवात पाकिस्तानात झाली. तिथे डॉ. आतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना शिकवून नैराश्य असलेल्या आयांसाठी एक उपक्रम उभा केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली आले आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची पुस्तिका काढली. संगाथ या संस्थेनं तोच धागा गोव्यात नेला. तिथे वस्तीतल्याच, स्वतः आया असलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं. त्यांना सखी म्हणत. त्या गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत भेटत राहिल्या. प्रसूतीनंतर सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा सखींची सोबत मिळालेल्या बायकांमध्ये नैराश्यातून बाहेर पडलेल्या जास्त होत्या. तुमच्या गावात तज्ज्ञ नसेल, तर शेजारची समजूतदार बाई अधिक टेली-मानसचा फोन, ही जोडी पोकळ नाही.

आता थेरपी घरात बसवायची कशी. बाळ दर दोन तासांनी उठतं, खोलीत सतत कोणीतरी असतं, भिंती पातळ. ऑनलाइन सत्र घेणार असाल तर बाळाची मालीश-आंघोळ उरकल्यानंतरची वेळ मागा. त्या वेळी बाळं लांब झोपतात. इअरफोन लावा, गच्चीवर किंवा उभ्या गाडीत बसा. बोलता येणार नाही अशी वेळ आली तर काही मिनिटं टाइप करून बोलता येईल का, हे थेरपिस्टशी आधीच ठरवा. सत्रात बाळाला पाजलं तरी हरकत नसते, बाळाला घेऊन गेलात तरीही.

या सगळ्यात एक टप्पा मला फार नाजूक वाटतो: माहेरहून सासरी जाण्याचा. माहेरी जरा सावरलेली मुलगी तीन महिन्यांचं बाळ घेऊन सासरी जाते. तिथे मालीशवाली नाही, रात्री बाळ घेणारी आई नाही, आणि स्वयंपाक तिची वाट पाहत असतो. ‘सासरी जाऊन सुरू करू’ म्हणून ढकललेली थेरपी बहुधा सुरूच होत नाही. म्हणून ती माहेरी असतानाच सुरू करा आणि निघण्यापूर्वी पुढच्या चार सत्रांच्या तारखा ठरवून, नवऱ्याला सांगून निघा. ऑनलाइन असेल तर तोच थेरपिस्ट चालू राहतो.

नवऱ्यांना आणि बाळंतिणीच्या आईला दोन शब्द. तिला ‘तू खंबीर राहा’ असं सांगू नका. तिची अपॉइंटमेंट तुम्ही घ्या, तिला घेऊन जा आणि बाहेर बाळ सांभाळत बसा. तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी रात्रीची पाळी लावा. मधलं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वरच्या दुधावर भागवा. त्यानं ती आई म्हणून उणी होत नाही. ‘आम्ही नाही का चार-चार वाढवली?’ हे वाक्य घरात कोणी बोलू लागलं, तर नवऱ्यानं तिथेच थांबवावं. आणि नवऱ्यांनो, नैराश्य दहातल्या साधारण एका वडिलांनाही येतं. तुमच्यासाठीही १४४१६ आहे. घरात मारहाण असेल तर मात्र जोडप्यानं एकत्र थेरपीला बसणं सुरक्षित नसतं. तिनं एकटीनं बोलावं. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्रात अशा बायकांना दवाखान्यातच आधार मिळतो.

औषधांची भीती घालवायला हवी. मध्यम आणि तीव्र नैराश्यात थेरपीबरोबर गोळ्या लागू शकतात. सर्ट्रालिनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं आणि पाजणाऱ्या आयांना ते बरेचदा दिलं जातं. ‘गोळ्या सुरू, म्हणजे अंगावरचं बंद’ असं कोणी सांगितलं तर मानसोपचारतज्ज्ञांना थेट विचारा की पाजताना चालेल असं औषध देता येईल का. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही गोळ्या काही महिने चालू ठेवायच्या असतात. मनानं बंद करू नका, दुसरीच्या चिठ्ठीवरून सुरूही करू नका.

कायदा तुमच्या बाजूला आहे, तो माहीत असावा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं वागवायचं आहे, आणि आई मानसोपचारासाठी दाखल झाली तर तीन वर्षांखालच्या मुलाला एरवी तिच्यापासून तोडायचं नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळ एकत्र राहतील असा विभाग २००९ पासून आहे. दाखल करायची वेळ आली तर आपल्या रुग्णालयातही ‘बाळ सोबत ठेवता येईल का’ हे आधी विचारा. विम्यात ओपीडीतल्या थेरपीचा खर्च बसतो का, तेही वेगळं विचारा, कारण पुष्कळ पॉलिसी फक्त दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. नोकरी करत असाल तर बाळंतपणातून उद्भवलेल्या आजारासाठी मातृत्व रजेच्या वर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजेची तरतूद आहे. तिच्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

परदेशात बाळंत झालेल्या मराठी मुलींची अडचण वेगळी. आई काही महिन्यांसाठी येते, लाडू करून फ्रीज भरते आणि परत जाते. तिच्या विमानाच्या तारखेआधी तिथली मदत लावून ठेवा. ब्रिटनमध्ये हेल्थ व्हिजिटर किंवा जीपीला सांगा. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीसाठी स्वतःच नाव नोंदवता येतं. अमेरिकेत आयांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८३३-८५२-६२६२ ही चोवीस तास चालते आणि तिथे दुभाषी मागता येतो.

एकदा हे होऊन गेलं असेल तर पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. दुसऱ्या वेळी दिवस राहिले की पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना मागचं सांगा, चालू असलेल्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका, आणि जुन्या थेरपिस्टची वेळ सातव्या-आठव्या महिन्यातच घेऊन ठेवा. मागच्या खेपेला सायकोसिस झाला असेल, तर प्रसूतीच्या तारखेपूर्वीच मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांची एकमेकांशी गाठ घालून द्या, आणि पहिल्या पंधरा दिवसांत रात्री कोण जागणार, ते घरात लिहून ठेवा.